सतरा सप्टेंबरची बुंदी

“चार महिने में दो बच्चे. कैसे हुए, मास्टरसाब? आप ही बोलो.”

सूपरिंटेंडेंट साहेबांनी दोन कागद माझ्यापुढे शेजारी शेजारी ठेवले. दोन्ही टीसी, म्हणजे पोरगं शाळा सोडतं तेव्हा आम्ही देतो तो दाखला. दोन्हींवर माझ्या शाळेचा शिक्का अन् बापाचं नाव सदाशिव. एक गौतमचा, जन्मतारीख चौदा एप्रिल. दुसरा त्याच्या लहान बहिणीचा, सुजाताचा, जन्मतारीख पंधरा ऑगस्ट. साल दोघांचं एकच. अन् अक्षर दोन्हीकडे माझंच, त्यामुळे दुसऱ्या कोणाकडे बोट दाखवायची सोय नव्हती.

माझी पाचावर धारण बसली. मी पाण्याचा ग्लास उचलला अन् न पिताच खाली ठेवला.

ही गोष्ट आंध्र प्रदेशाच्या दिवसांतली. तहसिली मोडून मंडल झाले होते, तहसीलदाराला लोक एमआरओ म्हणायला लागले होते, तेव्हाची. मी जैनथच्या पुढे, पेनगंगेच्या अल्याडच्या एका गावात मराठी शाळेचा हेडमास्तर होतो. आदिलाबादच्या ज्या सरकारी ऑफिसात त्या दिवशी बसलो होतो, तिथे सदाशिव अटेंडर होता. अटेंडर म्हणजे चपराशी. फायली नेणं, चहा आणणं, साहेबाच्या दाराशी स्टुलावर बसणं हे त्याचं काम. माणूस आमच्याच गावचा. जैनथपर्यंत सायकल, पुढे बस, असं त्यानं पंधरा वर्षं केलं. मग कावीळ झाली अन् आठ दिवसांत गेला.

नौकरीत असताना माणूस गेला तर त्याच्या घरच्या एकाला सरकार नौकरी देतं, चूल विझू नये म्हणून. तिला अनुकंपा नौकरी म्हणतात. गौतम आठवीनंतर शाळा सोडून बसला होता. सुजाता दहावी पास. घरात ठरलं की नौकरी सुजातानं घ्यायची, अन् गौतमनं आपली हरकत नाही असं लिहूनही दिलं. पण हे सगळं माणूस गेल्यापासून वर्षाच्या आत व्हावं लागतं. दहा महिने उलटून गेले होते.

अर्जासोबत घरच्या माणसांचा दाखला लागतो अन् त्यात सगळ्यांच्या जन्मतारखा असतात. तिथंच सीटवरच्या क्लार्कनं पकडलं. एका आईला चार महिन्यांत दोन लेकरं होत नाहीत. म्हणजे दोघांतलं एक बाहेरचं. ते सुजाता असेल तर नौकरीवर तिचा हक्कच नाही. क्लार्कनं सदाशिवच्या बायकोला, गिरजाबाईला, काउंटरवर बोलावलं अन् चार माणसांत विचारलं, “इन दोनों में तुमारा कौनसा है?”

पदर डोक्यावर ओढून ती घरी आली, अन् त्याला आठ दिवस झाले, ती घराबाहेर पडली नव्हती. मी त्याच गावात राहत होतो अन् मला पत्ता नव्हता. साहेबांच्या तोंडून ऐकलं तेव्हा मला माझी लाज वाटली.

साहेब तेलुगू माणूस, मराठी समजायचं पण बोलायचे हिंदीच. त्यांनी मिसल, म्हणजे फाईल, बंद केली अन् हळू आवाजात सांगितलं की फाईल परत पाठवायची तर कारण लिहावं लागतं. अन् ते कारण एकदा लिहिलं की कागदावर त्या बाईचं नाव कायमचं खराब होतं. “सदाशिव पंद्रा साल मेरे को चाय पिलाया. इसलिए लिखने के पहले आपको बुलाया. जो करना है जल्दी करो.”

आता हे झालं कसं, ते सांगून टाकतो. लपवण्यासारखं काही उरलं नाही.

शाळेत नवीन पोरगं आलं की दाखल-खारीज रजिस्टरात त्याची नोंद होते. त्यात जन्मतारखेचा रकाना असतो. आमच्या भागात तेव्हा तारीख कोणाला ठाऊक? जन्म-मृत्यूचं बुक पोलीस पटेलाकडे राहायचं, त्यातली निम्मी पानं उदईनं, म्हणजे वाळवीनं, खाल्लेली. आयांना विचारावं तर कोणी म्हणे कापूस वेचायच्या टायमाले झालं, कोणी म्हणे मोठा पूर आलता तवा. रकान्यात पूर लिहिता येत नाही. बाकीचे मास्तर लोक शाळा उघडायची तारीख ठोकून मोकळे होत. मी जरा हौशी पडलो.

माझ्या शाळेच्या व्हरांड्यात ‘दिनविशेष’ लिहिलेला एक फळा होता. त्यात तीन रकाने होते: घटना, जन्म अन् मृत्यू. आजच्या दिवशी मागे काय घडलं, कोण मोठा माणूस जन्मला, कोण गेला, ते रोज सकाळी मी खडूनं लिहायचो अन् एक पोरगं मोठ्यानं वाचायचं. त्यासाठी माझी एक जाड वही होती, वर्षाच्या दर दिवसाला एक पान. कॅलेंडरं, मासिकं, जुनी पुस्तकं चाळून मी ती भरली होती. त्या वहीचा मला फार अभिमान. मला वाटे, ज्या पोराला स्वतःची तारीखच नाही, त्याला मोठ्या माणसाची तारीख काऊन देऊ नये? बौद्धवाड्यातले आईबाप तर स्वतःच येऊन चौदा एप्रिल मागायचे. एकदा मोजलं तर चौदा एप्रिलला जन्मलेली सव्वीस पोरं निघाली. बाकीची दोन ऑक्टोबर अन् चौदा नोव्हेंबरला. माझ्या गावात साध्या दिवशी कोणी जन्मतच नव्हतं.

गौतम जूनमध्ये आला. शेळ्यांमागे फिरता फिरता तो आठ वर्षांचा झाला होता, पण अंगानं किडकिडीत. पहिलीत पाच वर्षांचं पोरगं घ्यायचं हे माझ्या डोक्यात घट्ट बसलेलं, म्हणून पाच लिहिलं. सदाशिव समोर उभा होता. तारीख विचारली तर तो थोडा थांबला अन् म्हणाला, “चौदा एप्रिल टाका गुरुजी. मोठ्या माणसाची तारीक लागली तर पोट्टं मोठं होईन.” मी खुशीत टाकली.

त्याच साली ऑगस्टच्या शेवटी डेप्युटी इन्स्पेक्टर साहेब तपासणीला येणार असा निरोप आला. मराठीच्या सेक्शनला पोरं कमी पडली की सेक्शन बंद अन् मास्तरची बदली, हे आमच्याकडचं कायमचं भेव. मला पोरं कमी पडत होती. सुजाता भावाचं बोट धरून रोज शाळेत यायची अन् कोपऱ्यात पाटी चाटत बसायची. असेल साडेतीन वर्षांची. तिला पाचची केली. चौदा एप्रिलची पोरं आधीच इतकी झाली होती की साहेबाच्या डोळ्यांत आली असती, म्हणून वहीची पानं पुढे उलटून पंधरा ऑगस्ट घातलं. भावाची नोंद चार ओळी वर होती. मी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. सेक्शन वाचलं, माझी जागा वाचली, अन् ते मी विसरून गेलो. आता चौदा वर्षांनी ते गिरजाबाईच्या पदरात पडलं होतं.

ऑफिसातून निघालो अन् कँटीनच्या बाकावर बसून हिशेब लावला. सुजाताची तारीख खरी करावी, तर तिच्याकडे दहावीचा मेमो आहे. मेमो म्हणजे बोर्डाचं गुणपत्रक. त्यावर एकदा तारीख छापली की ती दगडावरची रेघ. अन् समजा बदललीच, तर पोरगी अठराच्या आत जाते, मग नौकरी कुठली? आहे ती ठेवली तर ती आईची नाही, खरी केली तर नौकरीच्या वयाची नाही. इकडे आड तिकडे विहीर.

राहिला गौतम. त्यानं आठवीत सोडलं, त्याला मेमो नाही. शाळेच्या रजिस्टरातली तारीख डीईओच्या, म्हणजे जिल्हा शिक्षणाधिकाऱ्याच्या, हुकमानं दुरुस्त होते. त्याला हेडमास्तरचा रिपोर्ट लागतो, दोन जाणत्या माणसांचे हलफनामे, म्हणजे शपथेवर लिहून दिलेले कागद, लागतात, अन् कुठंतरी लिहिलेला एखादा पुरावा लागतो. गौतम खरंच तीन वर्षांनी मोठा होता. त्याचं खरं लिहिलं की भावाबहिणीत तीन वर्षांचं अंतर पडत होतं, अन् सुजाताचं खोटं तसंच झाकून राहत होतं. मी सरळ माणूस आहे असा माझा आजवरचा समज होता. त्या दिवशी त्याला जरा तडा गेला, पण दुसरा रस्ता दिसेना.

संध्याकाळी गिरजाबाईकडे गेलो. ती दाराआड बसली होती, सुजाता चुलीपाशी. मी आधी चूक कबूल केली. म्हटलं, बाई, लोकांनी तुला जे विचारलं ते माझ्या पेनामुळं. तुझ्यात खोट नाही, माझ्या रजिस्टरात आहे. ती जमिनीकडे पाहत ऐकत होती. मग मी विचारलं की गौतम झाला तो दिवस काही आठवतो का, कोणता सण, कोणता बाजार, काहीही.

मला वाटलं, आठवत नसेल.

“आठवाले काय झालं,” ती म्हणाली. “तुमच्या शाळंच्या भितीतच लिवून हाय, गुरुजी.”

मला कळेना. मग तिनं सांगितलं. सदाशिव तेव्हा मोठ्या पटेलांकडं सालगडी होता. मोठे पटेल म्हणजे गावचे माली पटेल, सारा वसूल करणारे. ते वारले त्या दिवशी झिमझिम पाऊस लागून होता. सारं गाव मातीला निघालं. सरणाला सुकी लाकडं पाहिजेत म्हणून ती गोठ्यातून वाहून न्यायचं काम सदाशिवकडं. तेवढ्यात निरोप आला, गिरजा अडली आहे, दाई घाबरली आहे. सदाशिव लाकडं अर्धी टाकून घरी पळाला. गौतम झाला. दुसऱ्या दिवशी पटेलांच्या मुलानं, नागोराव पटेलांनी, सदाशिवला कामावरून हाकललं. बापाच्या सरणावरून जो निघून गेला त्याचं तोंड पाहायचं नाही म्हणून. त्यानंतरच सदाशिव आदिलाबादला गेला अन् पुढं अटेंडर झाला.

आता मला उजेड पडला. शाळेची मोठी खोली नागोराव पटेलांनी बापाच्या नावानं बांधून दिलेली. तिच्या भिंतीत संगमरवरी पाटी: मोठ्या पटेलांचं नाव, खाली स्वर्गवास सतरा सप्टेंबर, पुढं साल. रोज त्या पाटीखाली खुर्ची टाकून बसायचो मी.

मी विचारलं, मग सदाशिवनं मला तेव्हाच का नाही सांगितलं?

“तो म्हणे, ती तारीक नको पोट्ट्याले. त्या दिवसापायी माही रोजी गेली.”

त्या सतरा सप्टेंबरचं माझ्या वहीत चांगलं भरलेलं पान होतं. घटनेच्या रकान्यात निजामाचं राज्य संपून हैदराबाद संस्थान भारतात आलं, हे पहिलं. आमच्याकडं त्या दिवसाची सुट्टी नसायची, पण म्हाताऱ्यांना तो दिवस पाठ. मृत्यूच्या रकान्यात मोठे पटेल. दरसाल त्या दिवशी नागोराव पटेल बुंदीची टोपली घेऊन शाळेत येत. पोरं दोन मिनिटं उभी राहत, मग एकेकाला कागदावर मूठभर बुंदी. जन्माचा रकाना तेवढा मोकळा. त्या दिवशी कोणी मोठा माणूस जन्मलेला मला सापडला नव्हता.

हे सगळं गौतमला सांगणं सर्वांत जड गेलं. कारण त्याची एक गोष्ट मला ठाऊक होती अन् त्याच्या आईला नव्हती. तो मिलिटरीत जायचं पाहत होता. रोज पहाटे पेनगंगेच्या काठानं पळायचा, छाती फुगवून मोजून घ्यायचा. भरती बावीस दिवसांवर होती. रजिस्टरात तो अठराचा होता, भरतीत चालणारा. खरं वय लिहिलं की तो मर्यादेच्या बाहेर जात होता, थोड्याच महिन्यांनी, पण बाहेरच.

सकाळी तो पळून येताना मी त्याला बांधावर गाठलं. घामानं भिजलेला, हातात बूट. मी काही राखून न ठेवता सगळं सांगितलं. म्हटलं, कागद माझा चुकला अन् भोगायची पाळी तुमच्यावर आली. तू नाही म्हण, मी दुसरं काही पाहतो. दुसरं काही नव्हतं, हे त्यालाही कळत होतं.

“भरती होऊ देली अन् मंग लिवलं तं?” त्यानं विचारलं.

मी सांगितलं की डीईओ ऑफिसात मिसल हलायलाच महिना दीड महिना जातो. तोवर सुजाताचं वर्ष संपतं. अन् मिलिटरीत एक तारीख, इथं दुसरी, असं निघालं तर दोन्हीकडून जाशील.

तो खाली बसला. बुटाची लेस बोटाला गुंडाळत राहिला. मोठ्या माणसाची तारीख लावून मी या पोराला काय दिलं होतं? मग त्यानं एकदम वर पाहिलं.

“सतरा सप्टेंबर म्हंजे बुंदीचा दिवस ना, गुरुजी?”

मी हो म्हटलं.

“म्हंजे दरसाल मी माह्याच वाढदिवसाची बुंदी खाऊन राह्यलो होतो. अन् तेबी दोन मिन्टं उभं राहून.”

तो हसला. मला हसता आलं नाही. तो उठला, बूट खांद्यावर टाकले अन् म्हणाला, “लिवा मले मोठा. सुजीपेक्षा मी मोठा हावच. फक्त भरतीचं आईले सांगू नका.”

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

आता दुसरा हलफनामा. एक गिरजाबाईचा झाला, पण आईचं एकटीचं कोणी धरत नाही. त्या दिवसाचं पक्कं सांगणारा माणूस गावात एकच, नागोराव पटेल. पटेलक्या सरकारनं मोडल्या होत्या, पण लोक त्यांना पटेलच म्हणत. साठीचा माणूस, पाय दुखायचे, तोंड मात्र चालायचं. मी ओट्यावर बसलो अन् सदाशिवचं नाव काढलं, तसा सुपारी कातरता कातरता त्यांचा हात थांबला.

“त्या माणसाचं नाव माह्या ओट्यावर काढू नका, गुरुजी.”

मी म्हटलं, नाव नाही काढत, दिवस तेवढा विचारतो. तो सोडून गेला तो दिवस कोणता? त्यावर पटेल सुरू झाले. वीस वर्षांवर झाली होती, पण राग काल घडल्यासारखा ताजा. पाऊस किती होता, लाकडं किती आली, किती राहिली, कोणी येऊन त्याला हाक मारली, कोणत्या वाटेनं तो पळाला. त्याची बायको बाळंत झाली होती हेही. काही विसरले नव्हते. राग माणसाला केवढं लक्षात ठेवायला लावतो!

मी सगळं ऐकून घेतलं अन् म्हटलं, पटेल, हेच मला लिहून पाहिजे. ते चकित झाले. त्यांना वाटलं, सदाशिववर मागाहून काही कारवाई निघाली. खोटं बोलून सही घ्यायचा मोह झाला, सांगतो. पण एका पेनाच्या चुकीनं पोट भरलं होतं माझं. मी खरं तेच सांगितलं, की या कागदानं त्याच्या पोरीला नौकरी लागेल. चार माणसांत त्याच्या बायकोला काय विचारलं गेलं, तेही सांगितलं.

पटेल सुपारीचा तुकडा बोटात फिरवत राहिले.

“तो माह्या बापाच्या मातीतून उठून गेला,” ते म्हणाले. “मी त्याच्या मातीला गेलो नाई. फिट्टंफाट झाली होती आमची.” मग थोड्या वेळानं, “बाईमाणसाले असं विचारलं?”

मी मान हलवली.

“लिवा. पण लाकडं टाकून गेला हे काटू नका. ते बी लिवा.”

मी म्हटलं, पटेल, त्याच ओळीवर तर सगळं उभं आहे.

हलफनामा नुसता लिहून चालत नाही. ज्यानं लिहिला त्यानं ऑफिसात समोर उभं राहून हे माझंच म्हणावं लागतं, त्याला तस्दीक म्हणतात. ठरल्या दिवशी मी, पटेल अन् गिरजाबाई आदिलाबादला गेलो. ती एकाच बसनं आली, पण मागच्या सीटवर बसली. एमआरओ ऑफिसच्या व्हरांड्यात बाकडं एकच. पटेल एका टोकाला, ती दुसऱ्या टोकाला, मध्ये मी पिशवी मांडीवर धरून. दोन तास.

आमचा पुकारा झाला. क्लार्कनं पटेलांचा हलफनामा मोठ्यानं वाचला: सरणाची लाकडं अर्धी टाकून सदर इसम घरी निघून गेला, कारण त्याच दिवशी त्याची बायको बाळंत होऊन तिला मुलगा झाला. पटेलांनी हो म्हणून सही केली. बाहेर येऊन आम्ही पुन्हा बाकड्यावर बसलो, शिक्क्याची वाट पाहत.

गिरजाबाई पहिल्यांदा बोलली. पटेलांकडं न पाहता, समोरच्या लिंबाकडं पाहत.

“तो वापस आलता, पटेल. पोट्ट्याचं तोंड पाह्यलं अन् तसाच पळत आलता. तवरक सरण पेटलं होतं. तुमच्याजवळ यायची हिंमत नाई झाली. दूर बाभळीखाली उभा राह्यला, सारे गेले तवरक.”

पटेल काठी टेकून उठले, पायऱ्या उतरले. मला वाटलं, निघून गेले. पाच मिनिटांनी टपरीवाला तीन चहा घेऊन आला, अन् मागून पटेल. त्यांनी पहिला ग्लास उचलून गिरजाबाईपुढं धरला. तिनं तो घेतला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं अन् मी चहा फार गरम आहे असं उगाच म्हटलं.

पाटीचा पंचनामा झाला, माझा रिपोर्ट गेला. रिपोर्टात मी लिहिलं की गौतमची नोंद माझ्या हातची, वय न विचारता अंदाजानं लिहिली, चूक पूर्णपणे माझी. डीईओ ऑफिसात एकानं सुजाताच्या तारखेबद्दल विचारलं. मी म्हटलं, तिला बोर्डानं मेमो दिला आहे, बोर्डापुढं मी कोण? हे उत्तर खोटं नव्हतं अन् खरंही नव्हतं. आजही कधी कधी टोचतं, पण परत ती वेळ आली तर मी तेच म्हणेन.

मधल्या काळात भरती येऊन गेली. गौतम त्या दिवशी पहाटे पळायला गेला नाही, एवढंच मला दिसलं.

वर्ष संपायला नऊ दिवस राहिले असताना हुकूम आला. गौतमची जन्मतारीख सतरा सप्टेंबर, साल तीन वर्षं मागचं. सोबत मला एक मेमो. हा मेमो गुणांचा नव्हे, खुलासा मागणारा. पुढं माझ्या सर्व्हिस रजिस्टरात लाल शाईचा ठपका लागला अन् प्रमोशन एक पाळी मागं गेलं. माझी तक्रार नव्हती.

सुजाता ज्युनिअर असिस्टंट म्हणून रुजू झाली त्या दिवशी गिरजाबाई सोबत गेली. साहेबांनी मला मुद्दाम बोलावलं होतं. काउंटरवर क्लार्क तोच. त्यानं हजेरीचं रजिस्टर सुजातापुढं सरकवलं. गिरजाबाई पुढं झाली, डोक्यावरचा पदर तिनं मागं केला.

“साहेब, तुमी विचारलं होतं ना. दोनी माहेच हायेत.”

क्लार्क खुर्चीवरून उठला अन् “माफ करना, माँ” म्हणाला. त्या बिचाऱ्यानं कागदावर होतं ते वाचलं होतं. कागद माझा होता.

त्या सालच्या सतरा सप्टेंबरला मी सकाळी फळा लिहायला घेतला. घटना लिहिली. मृत्यूच्या रकान्यात मोठे पटेल. मग जन्माच्या मोकळ्या रकान्यात लिहिलं: गौतम सदाशिव, राहणार याच गावचा. वहीतही लिहिलं, शाईनं.

पटेल बुंदीची टोपली घेऊन आले. चष्मा काढून, पुसून, फळा वाचला. मला धाकधूक वाटत होती. त्यांनी विचारलं की ते पोट्टं कुठं आहे. गौतम तेव्हा जैनथ-आदिलाबाद ऑटो चालवायला लागला होता. निरोप गेला, तो ऑटो घेऊन आला अन् पोरांच्या मागच्या रांगेत उभा राहिला. मोठ्या पटेलांसाठी दोन मिनिटं सगळे उभे राहिले, तोही राहिला, मान खाली घालून. मग पटेल टोपली घेऊन स्वतः त्याच्यापर्यंत चालत गेले अन् कागद नको म्हणत त्यांनी त्याची ओंजळ भरली.

सुजाता आता त्याच ऑफिसात मोठ्या खुर्चीवर आहे. भेटली की म्हणते, गुरुजी, तुमच्या पंधरा ऑगस्टपायी मी दीड वर्ष आधी रिटायर होणार. मी कानाला हात लावतो.

त्या उन्हाळ्यानंतर रिटायर होईपर्यंत मी एकाही पोराला मोठ्या माणसाची तारीख दिली नाही. पोरगं दाखल करायच्या वेळी आईला खाली बसवायचो, पाणी द्यायचो अन् विचारायचो, की त्या दिवशी गावात अजून काय झालं होतं. वेळ लागायचा. पण तारीख सापडायची.